शाळेकडे पाऊल उचलत नाही तेव्हा...

जून महिना उजाडतो. केळव्याच्या वाड्यांमध्ये पहिल्या पावसाचे पाणी खेळू लागते, पानवेली टवटवीत होतात आणि त्याच सुमारास शाळेची घंटाही वाजते. नवी वह्या-पुस्तके, नवे दप्तर, नवी छत्री अशा थाटात मुले शाळेला निघतात. बहुतेक घरांत ती सकाळ धावपळीची आणि आनंदाची असते. काही थोड्या घरांत मात्र त्याच सकाळची धास्ती साऱ्या कुटुंबाने घेतलेली असते.

असे एक घर डोळ्यांपुढे आणू या. हे कोणा एका कुटुंबाचे वर्णन नाही. आमच्या धर्मग्रामांतील अनेक घरांत थोड्याफार फरकाने दिसणारे हे चित्र आहे. बाबा तारापूरच्या कारखान्यात पाळीने काम करतात. आई केळवे रोडहून सकाळची गाडी पकडते. मुलगा गावातल्या शाळेतून नुकताच पालघरच्या मोठ्या शाळेत आठवीला गेला आहे. रविवारची मिस्सा होईपर्यंत तो हसतखेळत असतो. संध्याकाळ झाली की गप्प होतो. सोमवारी सकाळी त्याच्या पोटात दुखू लागते. उलटी होते, डोके गरगरते, हात गार पडतात. गणवेश अंगात असतो, दप्तर भरलेले असते; पण पाऊल उंबरठ्याबाहेर पडत नाही. दहा-अकरा वाजले की दुखणे थांबते. मग आजी म्हणते, "पोराला नजर लागली." काका म्हणतात, "दोन ठेवून द्या, सरळ होईल." आईची गाडी चुकलेली असते आणि ती स्वयंपाकघरात डोळे पुसत असते.

अशा मुलाला समजून कसे घ्यावे आणि त्याला हात कसा द्यावा, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

हा आळस नव्हे

शाळा चुकवणारी मुले पूर्वीही होती. दप्तर घेऊन घरातून निघायचे आणि समुद्रकिनाऱ्यावर सुरूच्या बनात दिवस काढायचा, हा प्रकार जुन्या पिढीला ठाऊक आहे. त्या मुलाला शाळेची भीती नसते. आपण शाळेत गेलो नाही, हे तो घरापासून लपवतो. आम्ही ज्या मुलाविषयी बोलत आहोत तो लपवत नाही. तो घरातच असतो, आईवडिलांच्या डोळ्यांसमोर असतो. त्याला शाळेत जायचे असते, अभ्यासाची काळजीही असते; परंतु ती वेळ आली की त्याचे शरीर आणि मन साथ देत नाही.

१९४१ साली अमेरिकेत डॉ. ॲडिलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा अभ्यास मांडून या अवस्थेला 'शाळेचा भयगंड' असे नाव दिले. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आले की, प्रत्येक वेळी भीती शाळेचीच असते असे नाही. कधी ती घर सोडण्याची असते, कधी आईला काही होईल याची असते, तर कधी चारचौघांत अपमान होण्याची असते. १९६९ साली इंग्लंडमध्ये इयन बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेच्या खुणा नेमकेपणाने नोंदवल्या. शाळेत जाण्याच्या विचाराने तीव्र मानसिक त्रास होणे, मूल घरी आहे हे पालकांना माहीत असणे आणि चोरी, खोटेपणा यांसारखे गंभीर गैरवर्तन नसणे, या त्यातील मुख्य खुणा होत. हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. ताप जसा आत काही बिघडल्याचे सांगतो, तसेच हे एक लक्षण आहे.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. शिस्तीसाठी नावाजलेल्या जपानमध्ये २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांतील सुमारे ३ लाख ४६ हजार मुले अशा प्रकारे तीस किंवा अधिक दिवस शाळेपासून दूर राहिली. आपल्या देशात एनसीईआरटीने २०२२ साली सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या चिंतेची कारणे म्हणून सांगितली. ही सारी मुले शाळा सोडतात असे नाही. परंतु किती मुले मनावर ओझे घेऊन वर्गात बसतात, हे त्यावरून ध्यानात येते.

भीतीचे चक्र

भीती वाटते तेव्हा शरीर पळण्याच्या तयारीला लागते. हृदयाचे ठोके वाढतात, पोटात कालवते, घाम सुटतो. म्हणून मुलाचे पोट खरोखरच दुखत असते. ते नाटक नसते. त्या दिवशी शाळा टळली की त्याला सुटल्यासारखे वाटते आणि दुखणे ओसरते. पण याच सुटकेत मेख आहे. घरी राहिले की बरे वाटते, हे मन शिकते आणि दुसऱ्या दिवशी भीती अधिक जोराने येते. त्यातच अभ्यास मागे पडतो, मित्र पुढे जातात, 'इतके दिवस कुठे होतास?' या प्रश्नाची धास्ती वाढते. दोन दिवसांचे दोन आठवडे होतात आणि दोन आठवड्यांचे दोन महिने. म्हणूनच या बाबतीत 'मोठा झाला की समजेल' म्हणून वाट पाहणे मुलाच्या हिताचे नसते.

नोव्हेंबर २०१८ पासून आपल्याच जिल्ह्यात डहाणू-तलासरी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. त्या दिवसांत छपराखाली बसायला घाबरणाऱ्या मुलाला कोणी आळशी म्हणत नव्हते, कारण ते हादरे सर्वांनाच जाणवत होते. काही मुलांच्या मनाला बसणारे हादरे मात्र त्यांचे त्यांनाच जाणवतात. फरक एवढाच आहे.

कारणांचा शोध

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कर्नी यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. मूल शाळेत जात नाही तेव्हा त्यातून त्याला काय साधते, हा प्रश्न विचारावा, असे त्यांचे सांगणे आहे. त्याची उत्तरे साधारणपणे चार असतात. शाळेत होणारी घालमेल टाळणे. परीक्षा, फळ्यासमोर उभे राहणे, चिडवाचिडवी असे अपमानाचे प्रसंग टाळणे. आईवडिलांचा सहवास मिळवणे. आणि घरी मोबाइल, दूरदर्शन वा झोप यांचे सुख मिळवणे. एकाच मुलाच्या बाबतीत यांतील दोन-तीन गोष्टी एकत्रही असतात.

आमच्या परिसराचा विचार केला तर काही वळणे विशेष अवघड दिसतात. पहिले वळण पहिल्यांदा घर सोडण्याचे. दुसरे, गावातील शाळा संपवून मोठ्या गावच्या शाळेत जाण्याचे; तेथे वर्गात साठ चेहरे अनोळखी असतात आणि कधी शिकण्याचे माध्यमही बदललेले असते. तिसरे, दहावीच्या उंबरठ्यावरचे. वारली, कातकरी, मल्हार कोळी समाजातील मुलांना घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांतील अंतरही पार करावे लागते. वसतिगृहात राहणाऱ्यांना त्यात घराची ओढ छळते. घरातील आजारपण, मृत्यू, वडिलांचे व्यसन, आईवडिलांची भांडणे यांमुळेही मूल घर सोडायला घाबरते. आपण नसताना काही अघटित घडेल, असे त्याला वाटत राहते. काही मुलांना वाचन-लेखनाची जन्मजात अडचण असते. ती कोणाच्या लक्षात येत नाही आणि 'ढ' हा शिक्का तेवढा बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. योग्य तपासणी व प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत सवलतीही मिळतात.

आणखी एका कारणाचा उल्लेख आम्ही संकोच न करता करू इच्छितो. शाळेत, वाटेत, वसतिगृहात, शिकवणीत किंवा चर्चच्या आवारातही कोणी मुलाचा लैंगिक छळ करीत असेल, तर तेथे जायला नकार देणे ही त्या मुलाची आर्त हाक असते. मूल असे काही सांगू लागले तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी घटना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. कोणाच्याही प्रतिष्ठेसाठी ती झाकून ठेवणे हा अपराध आहे आणि पापही.

कोसबादच्या टेकडीवरचा धडा

शाळेत न येणाऱ्या मुलाकडे कसे पाहावे, याचा एक थोर वस्तुपाठ आपल्याच जिल्ह्यात घडला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेले. पाड्यांवरची आदिवासी मुले शाळेत येत नसत. 'या लोकांना शिक्षणाचे महत्त्वच नाही' असे म्हणून या दोघी स्वस्थ बसल्या नाहीत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. पाड्यावरच्या अंगणात शाळा भरली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली, ती कुरणशाळा. खडे, पाने, बिया, शिंपले हीच शिकण्याची साधने झाली.

त्या मुलांच्या न येण्याची कारणे वेगळी होती, हे खरे. गरिबी, काम आणि शाळेचा परकेपणा ही ती कारणे. परंतु ताराबाई आणि अनुताई यांनी विचारलेला प्रश्न आजही तितकाच खरा आहे. 'या मुलाचे काय बिघडले आहे?' एवढाच प्रश्न न विचारता 'या मुलाला येथे येणे कशामुळे अवघड जाते?' असेही त्यांनी विचारले.

लिझ्यूची एक विद्यार्थिनी

बालयेशूची संत तेरेजा आम्हा सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या बालपणाचा एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. साडेचार वर्षांची असताना तिची आई वारली. १८८१ साली, वयाच्या नवव्या वर्षात, तिला लिझ्यू येथील बेनेडिक्टाइन भगिनींच्या शाळेत घातले. ती हुशार होती, म्हणून तिला मोठ्या मुलींच्या वर्गात बसवले गेले. त्यांतील एक मुलगी हेव्यापोटी तिला सतत छळत असे. तेरेजा मुकाट्याने रडे. शाळेतील ती वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत दुःखाची होती, असे तिने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले. आईच्या जागी असलेली थोरली बहीण पोलिन मठात गेली आणि ती आणखीच कोलमडली. अखेर सततच्या डोकेदुखीने त्रस्त झालेल्या तेराव्या वर्षाच्या तेरेजाला १८८६ साली वडिलांनी त्या शाळेतून काढले आणि एका शिक्षिकेकडे तिची शिकवणी लावली. पुढे मरियेच्या कन्यांच्या संघात प्रवेश मिळावा म्हणून ती आठवड्यातून दोनदा त्याच शाळेत जाऊ लागली. एकटी बसून काम करायची, पण जायची.

आईविना वाढणारी, हळवी, शाळेत रमू न शकलेली ही मुलगी १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केली. तिचे वडील लुई मार्टिन यांना २०१५ साली पत्नी झेली यांच्यासमवेत संतपद मिळाले. प्रत्येक मुलाला शाळेतून काढावे, असा याचा अर्थ नाही. बहुतेक मुलांचे हित हळूहळू शाळेत परतण्यातच असते. परंतु मुलाचे दुःख खरे मानणारा बाप आणि शिकणे थांबू न देणारे घर, या दोन गोष्टी या कथेतून आम्ही अवश्य घ्याव्यात.

घरात काय करावे

प्रथम डॉक्टरांकडे जावे. रक्तक्षय, दमा, दृष्टिदोष, पोटाचे विकार नाहीत ना, हे पाहून घ्यावे. देवऋषी, अंगारे-धुपारे यांत मोलाचे दिवस दवडू नयेत.

मग मुलाशी बोलावे. पण सकाळच्या गोंधळात नव्हे. संध्याकाळी वाडीत फिरताना किंवा किनाऱ्यावर चालताना मुले अधिक मोकळी होतात. 'का जात नाहीस?' या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. 'कोणता तास नकोसा वाटतो? मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतोस? गाडीत काही होते का?' असे छोटे प्रश्न विचारावेत. ऐकताना लगेच उपदेश करू नये. मारहाण, टोमणे, भावंडांशी तुलना यांनी भीती दुणावते.

मात्र मायेच्या पोटी शाळा बंद करून टाकणे हेही योग्य नाही. आईवडिलांचे बोलणे एक असावे. 'तुला त्रास होतो हे आम्हाला पटते, आणि तू शाळेत जाशील यासाठी आम्ही तुझ्याबरोबर आहोत' असा त्याचा सूर असावा. झोपण्या-उठण्याच्या वेळा सांभाळाव्यात. रात्री मोबाइल मुलाच्या उशाशी नसावा. मूल घरी राहिलेच तर शाळेच्या वेळेत अभ्यास व घरकाम असावे, करमणूक नसावी. ही शिक्षा म्हणून नव्हे, तर दिवसाची घडी मोडू नये म्हणून.

परतीची वाट पायरी-पायरीने चढावी. पहिल्या दिवशी केवळ शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यावे. मग एक तास वाचनालयात, मग आवडत्या विषयाचा तास, मग अर्धा दिवस. प्रत्येक पायरीवर भीती थोडी वाढते, मूल तेथे टिकून राहिले की ती आपोआप उतरते आणि मन नवा धडा शिकते. समुपदेशकाच्या मदतीने केलेले असे उपचार गुणकारी ठरतात; गरज असल्यास मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. त्यात कमीपणा मानू नये.

शाळेने काय करावे

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानुसार मुलाला शारीरिक शिक्षा वा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. परंतु कायद्याहून मोठे काम एखादा प्रेमळ शिक्षक करू शकतो. शाळेत एक तरी मोठी व्यक्ती अशी असावी की, घाबरलेले मूल तिच्याकडे निःशंकपणे जाऊ शकेल. परत आलेल्या मुलाला वर्गासमोर उभे करून जाब विचारू नये. बुडालेला अभ्यास एकदम लादू नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजसेवक नेमावयाचा आहे, आणि लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संपर्क जोडावयाचा आहे. आमच्या मिशनच्या शाळांनी यात मागे राहू नये. मुलांना धाकाने नव्हे तर विवेक, धर्म आणि माया यांनी घडवावे, ही संत डॉन बॉस्को यांची शिकवण आम्ही केवळ भिंतीवर लिहून चालणार नाही.

एवढे करूनही नियमित शाळा शक्य झाली नाही, तरी शिक्षण संपत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते. शाळा सुटली म्हणजे आयुष्य सुटले, असे मुलाला कधी वाटू देऊ नये.

धर्मग्रामाची जबाबदारी

अशा घराला सर्वांत जास्त बोचतात ते शेजाऱ्यांचे प्रश्न. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात 'काय रे, शाळेत जात नाहीस म्हणे?' असे विचारणे आम्ही सर्वांनी सोडून द्यावे. त्याऐवजी त्या मुलाला गायनमंडळात, वेदीसेवकांत वा युवक मंडळात जागा द्यावी. चारचौघांत मिसळण्याची सवय तेथे टिकून राहते. एखाद्या निवृत्त शिक्षकाने आठवड्यातून दोन तास दिले तर बुडालेला अभ्यास भरून निघतो. त्याच शाळेत जाणाऱ्या मुलाने 'चल, बरोबर जाऊ' म्हणून सकाळी दारात उभे राहावे. कित्येकदा तेवढ्यानेही पाऊल उचलते. धर्मगुरू व धर्मभगिनी यांनी गृहभेटीत हे दुःख ऐकून घ्यावे आणि ते गुप्त ठेवावे. 'तुमची प्रार्थना कमी पडते' असे मात्र कोणीही म्हणू नये.

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्ट्याची कथा आहे. कार्मेल पर्वतावर विजयी झालेला हा शूर पुरुष दुसऱ्याच दिवशी भीतीने पळतो, रानात एका झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. परमेश्वर त्याला रागावत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. कारण पुढची वाट मोठी आहे. त्या बळावर एलिया चाळीस दिवस चालतो. आधी स्पर्श, भाकर आणि विसावा, मग वाटचाल. घाबरलेल्या मुलाला उभे करण्याचा याहून चांगला क्रम आम्हाला माहीत नाही.

धोक्याची चिन्हे

मूल खाणे-झोपणे सोडून देत असेल, कोणाशीही बोलत नसेल, स्वतःला इजा करीत असेल किंवा 'मी नसतो तर बरे झाले असते' असे म्हणत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नये आणि त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांची मदत घ्यावी. शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक घरात आणि प्रत्येक धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर लिहून ठेवावेत, अशी आमची विनंती आहे.

मुलांना माझ्याजवळ येऊ द्या, असे प्रभू येशूने आपल्या शिष्यांना बजावले. जे मूल धावत येते त्याच्यासाठी ते शब्द आहेतच. परंतु ज्याचे पाऊलच उचलत नाही, त्याच्यासाठी ते अधिक आहेत. उद्या सकाळी आपल्या शेजारच्या घरात कोणी एक मूल गणवेश घालून उंबरठ्यावर थबकलेले असेल. त्याला ढकलणारे हात पुष्कळ आहेत. त्याचा हात धरून चार पावले चालण्याची कृपा प्रभू आम्हा सर्वांना देवो.